मशीन लावून बरं वाटतं, पण हात का वर जात नाही?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ५२, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, शुगर आठ वर्षांपासून. पत्र मोठं आहे, थोडं कापून देतोय:

"उजवा खांदा पाच महिने झाले आखडलाय. आधी नुसता दुखायचा, आता हात वरच जात नाही. फळ्यावर वरच्या ओळी लिहिता येत नाहीत, अंबाडा घालता येत नाही, मागचे हूक मुलगी लावून देते. रात्री त्या कुशीवर वळले की जाग येते. डॉक्टरांनी एक्स-रे काढून फ्रोझन शोल्डर सांगितलं आणि फिजिओथेरपीला पाठवलं. तिथे १५ मिनिटं करंटचं मशीन लावतात, मुंग्या येतात, बरं वाटतं. व्यायामाचा कागद दिलाय, तो घरी करायचा. शाळा स्वयंपाक उरकून रात्री करायला घेतला की कळ येते म्हणून राहतो. आता भाच्याने ऑनलाइन मशीन मागवून दिलंय. घरीच रोज तासभर मशीन लावलं आणि व्यायाम सोडला तर चालेल का? शेजारच्या काकू म्हणतात एक माणूस आहे, तो एका झटक्यात खांदा मोकळा करतो. दीर म्हणाले पुण्यात नर्व्हला सुईने करंट देतात. डॉक्टर म्हणतायत इंजेक्शन घ्या, पण त्याने शुगर वाढते म्हणे. मी नक्की काय करू?"

ताई, आधी मुख्य प्रश्नाचं उत्तर. नाही चालणार. पण मशीन कपाटात टाकूनही देऊ नका, कारण तुमच्या बाबतीत गडबड मशीनची नाहीये, वेळेची आहे. मशीन सकाळी आणि व्यायाम रात्री, हे दोन वेगवेगळे उपचार असल्यासारखं चाललंय, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक पेशंटचं हेच असतं, त्यामुळे यात तुमचा काही दोष नाही, कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

आत काय झालंय ते आधी बघू. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवीसारखं आवरण असतं, त्याला खालच्या बाजूला चांगली ढिली घडी असते, ती घडी उलगडते म्हणून आपला हात पार डोक्यावर जातो. फ्रोझन शोल्डरमध्ये या आवरणाला आधी सूज येते आणि मग ते जाड होऊन आटतं, पहिल्या धुण्यात आटलेल्या सुती ब्लाउजसारखं, म्हणजे कापड तेच पण हात काही त्यात वर जात नाही. सर्वात आधी जाते ती हात बाहेर फिरवायची हालचाल, कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला न्यायची. मग हात बाजूने वर नेणं, मग पाठीमागे नेणं. आणि हे दुसऱ्याने उचलून बघितलं तरी हात जात नाही, हीच याची खूण. नुसता स्नायूचा दोरा फाटला असेल तर स्वतःहून हात उचलत नाही पण दुसऱ्याने उचलला तर बहुतेक वेळा जातो. म्हणून तपासताना डॉक्टरांनी तुमचा हात स्वतः धरून फिरवून बघितला असेल तर चांगलंच, नसेल बघितला तर पुढच्या वेळी सांगा बघायला. एक्स-रे यात सहसा नॉर्मलच येतो, तो दुसरं काही नाही ना हे बघायला काढतात.

आता मशीन. तुमच्याकडे घरी आलंय ते बहुतेक टेन्स मशीन असणार, छोटं, बॅटरीवर चालणारं, दोन किंवा चार चिकटणारे पॅड. क्लिनिकमध्ये लावतात ते बहुधा आयएफटी, मोठ्या डब्याएवढं, त्याला चार पॅड आणि एका जागी बसून राहावं लागतं. दोन्हींचं काम साधारण एकच, कातडीवरून करंट देऊन नसांना जागं करायचं. कोपर दाराला आपटलं की आपण आपोआप चोळतो ना, का चोळतो? चोळल्याची जाणीव नेणाऱ्या जाड नसा मणक्यातल्या मज्जारज्जूत दुखण्याच्या निरोपाला अडवतात म्हणून. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी ही गोष्ट नीट मांडली, गेट कंट्रोल थिअरी म्हणतात तिला, आणि टेन्स मशीन त्याच पायावर उभं आहे. म्हणजे मशीन करतं काय तर दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत कमी जाऊ देतं. आटलेल्या आवरणाला ते हातही लावत नाही. तासभर लावा नाहीतर रात्रभर लावा, पिशवी एक मिलिमीटरही ढिली होणार नाही. आणि टेन्सचा आराम सर्वात जास्त असतो तो मशीन चालू असताना, बंद केल्यावर तो लवकरच ओसरायला लागतो. तुम्ही क्लिनिकमधून उठता, रिक्षाने शाळेत जाता, सहा तास उभ्या राहून शिकवता, घरी येऊन भाकऱ्या करता, आणि मग रात्री साडेनऊला व्यायाम. तोवर सकाळचा आराम कधीच संपलेला असतो. दुखणारच.

म्हणून मशीन लावलेलं असतानाच व्यायाम करायचा. किंवा आयएफटी असेल तर ते काढल्या काढल्या, तिथेच, त्याच खोलीत. तुमच्या घरच्या टेन्सला क्लिप असते, ती कमरेला परकराच्या नाडीत किंवा सलवारला खोचा, पॅड खांद्याला, आणि दहा मिनिटं नुसतं चालू ठेवून दुखणं जरा बोथट झालं की चालू ठेवूनच व्यायामाला सुरुवात. क्लिनिकमध्येही सांगा की मॅडम, सर, मशीननंतर १५ मिनिटं माझ्याकडून इथेच करून घ्या, कागद नको. फिजिओकडे गर्दी असते, मला माहितीये, पण पैसे तुम्ही भरताय ते मुंग्यांचे नाही भरत. खरं सांगायचं तर ज्या क्लिनिकमध्ये दहाही दिवस फक्त मशीन लावून पाठवतात आणि कोणी हाताला हात लावत नाही तिथे मी माझ्या घरच्या माणसाला पाठवणार नाही.

अभ्यास काय म्हणतात हेही सांगतो, कारण मशीन विकणाऱ्यांच्या जाहिराती तुम्ही बघितल्या असतीलच. २०१४ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळून बघणाऱ्या संस्थेने फ्रोझन शोल्डरसाठीच्या अशा सगळ्या मशीनी उपचारांचे १९ अभ्यास एकत्र करून बघितले, जवळपास साडेबाराशे पेशंट, आणि निष्कर्ष असा की व्यायामाला जोड म्हणून यांचा किती फायदा होतो याचा पुरावा तुटपुंजा आहे. म्हणजे मशीन हा मुख्य उपचार नाहीच. मग मी का सांगतोय लावायला? कारण स्वस्त आहे, नीट वापरलं तर धोका कमी आहे, आणि तुमच्यासारखीला ज्याच्यामुळे व्यायाम राहतोय ती कळच जर त्या वीस मिनिटांपुरती कमी होत असेल तर व्यायाम होतो, आणि हात सुटेल तर त्याने. तुम्हाला मशीनने काही फरकच वाटत नसेल तर सोडून द्या, गरम शेक घेऊन व्यायाम केला तरी चालतो. शेकाचं एक, शुगरवाल्यांनी शेकाची पिशवी आधी डाव्या हाताने तपासून मगच लावायची, भाजलेलं लवकर कळत नाही.

पॅड लावायचे कसे. एक खांद्याच्या पुढच्या बाजूला, एक मागच्या बाजूला, म्हणजे सांधा मध्ये आला पाहिजे. मानेच्या पुढच्या भागावर कधीच नाही, छातीवरून आरपार जाईल असेही नाही. तेल, बाम, मलम काही लावलेलं नको, साबणाने धुऊन कोरडं करा, नाहीतर पॅड चिकटत नाहीत आणि एकाच जागी चटका बसतो (तुम्ही रोज रात्री बाम लावता हे पत्रावरूनच मी ओळखलं, वास आला). आधी पॅड चिकटवा, बटण शून्यावर, मग मशीन चालू, मग हळूहळू वाढवा. काढताना आधी मशीन बंद मग पॅड. फ्रिक्वेन्सी ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये ईएमएस म्हणूनही एक मोड असतो, त्याने स्नायू फडफडतात, तो आपल्याला नकोय. करंट किती, तर चांगला जोरदार जाणवला पाहिजे पण दुखता कामा नये आणि दंड उडता कामा नये. लोक घाबरून अगदी बारीक ठेवतात, जेमतेम गुदगुल्या होतील इतका, आणि मग म्हणतात मशीन भंगार आहे. पाच सात मिनिटांनी सवय होऊन कमी वाटायला लागतो तेव्हा परत थोडा वाढवायचा.

शुगर आहे म्हणून एक चाचणी आधी करा. कापसाचा बोळा आणि टाचणीची बोथट बाजू दोन्ही खांद्यांना लावून बघा, दोन्हीकडे सारखं कळतंय का. कळत नसेल तर मशीन नको. पेसमेकर असेल तर अजिबात नको, कातडीवर जखम किंवा पुरळ असेल तिथे नको, त्या भागात कॅन्सर असेल किंवा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, फिट येत असतील तर विचारूनच. गाडी चालवताना नाही, अंघोळीच्या आसपास नाही, लावून झोपायचं नाही. मशीन काढल्यावर कातडी आरशात बघा, थोडी गुलाबी झाली तर चालेल, तासाभरानंतरही लाल राहिली तर पॅड बदला. पॅड जुने झाले, कडा उचलल्या की फेकायचे, सेलोटेप लावून वापरू नका, हे लिहायचं कारण म्हणजे लोक लावतात.

आता व्यायाम, आणि तुमच्या कागदावर दहा बारा चित्रं असतील तर त्यातले तीनच आत्ता करा. तुम्ही पाच महिन्यांवर आहात, रात्रीचं दुखणं अजून आहे, म्हणजे दुखण्याचा टप्पा संपलेला नाही, अशा वेळी जोर लावला की आवरणाची सूज आणखी भडकते. पहिला झोक्याचा. डावा हात टेबलावर टेकून वाका, उजवा हात सैल खाली सोडा आणि कंबर हलवून तो झुलू द्या, पुढे मागे, मग गोल. हात स्वतः फिरवायचा नाही, कमरेने फिरवायचा, यातच सगळे चुकतात. हा कॉडमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांच्या नावाने ओळखला जातो, फ्रोझन शोल्डर हे नावही १९३४ मध्ये त्यांनीच दिलं.

दुसरा सर्वात महत्त्वाचा, आणि बहुतेक जण हाच टाळतात कारण यात प्रगती दिसायला वेळ लागतो. पाठीवर झोपा, उजव्या कोपराखाली चादरीची घडी, कोपर अंगाला चिकटलेलं आणि काटकोनात. दोन्ही हातात झाडूचा किंवा वायपरचा दांडा आडवा धरा आणि डाव्या हाताने ढकलून उजवा पंजा बाहेरच्या बाजूला न्या. कोपर अंगापासून सुटू द्यायचं नाही. जिथे ओढ लागते तिथे १५ ते २० सेकंद थांबा, श्वास रोखू नका, मग परत. दहा वेळा. ही बाहेर फिरण्याची हालचाल उघडली नाही तर हात वर नेताना हाड वर अडतं, आणि लोक वर वर ओढत बसतात नुसते.

तिसरा भिंतीवर बोटं चालवत हात वर नेण्याचा, तो तुम्हाला माहीत असेलच. पेन्सिलने खूण करून तारीख टाका. खांदा कानाकडे उचलून, अंग वाकवून दोन बोटं जास्त चढलात तर ते खांद्याच्या खात्यात जमा होत नाही, आरशासमोर करा किंवा मुलीला मागे उभं करा. टॉवेल पाठीमागे धरून ओढायचा व्यायाम आत्ता नको, रात्रीची कळ गेली की मग. हूक काही महिने मुलीलाच लावू दे, नाहीतर पुढून हूकचे ब्लाउज शिवा, त्यात कमीपणा काय.

दिवसातून दोनदा, एकदा मशीनसोबत, एकदा अंघोळीच्या गरम पाण्यानंतर. शाळेत मधल्या सुट्टीत दोन मिनिटं झोके घेतले तरी उत्तम, पोरं हसतील, हसू दे. जोर किती याचा नियम साधा आहे, करताना ओढ लागली, सहन होईल इतकं दुखलं तर ठीक, पण थांबल्यावर थोड्या वेळात ते पहिल्यासारखं झालं पाहिजे. त्या रात्री जास्त ठणकलं म्हणजे जास्त झालं, दुसऱ्या दिवशी निम्मं करा, बंद नका करू. आणि मशीन लावून करताना हे जास्तच लक्षात ठेवा, कारण कळ दबलेली असते आणि माणूस भरात येऊन ओढतो. करंट दुखणं पुसून टाकेल इतका कधीच ठेवायचा नाही.

यावरूनच शेजारच्या काकूंच्या माणसाकडे येतो. नाही. एका झटक्यात खांदा मोकळा करणं म्हणजे आटलेलं आवरण फाडणं. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन डॉक्टर हे करतात, ठरावीक पेशंटला, हाताळणी मोजून मापून, आणि तरीही हाड मोडण्याचा किंवा स्नायू फाटण्याचा थोडा धोका राहतोच. ओसरीवर बसून, भूल नाही, एक्स-रे नाही, ५२ वर्षांच्या शुगर असलेल्या बाईचा हात ओढणं म्हणजे काय होऊ शकतं ते तुम्हीच बघा. उलट नेदरलँड्समध्ये ७७ पेशंटचा एक अभ्यास झाला, २००४ मध्ये छापून आला, त्यात एका गटाला दुखण्याच्या हद्दीत राहून हलका व्यायाम आणि दुसऱ्याला दुखण्यापलीकडे जाऊन जोरदार ताणणं. दोन वर्षांनी हलक्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ नॉर्मल होता, जोरदार गटात ६३ टक्के. हे मी ओढणाऱ्या फिजिओंनाही ऐकवतो.

दिरांनी सांगितलेलं पुण्याचं, ते खोटं नाहीये. खांद्याच्या पात्यावरून सुप्रास्कॅप्युलर नावाची एक नस जाते, सांध्याची सुमारे ७० टक्के संवेदना तीच वाहून नेते. दुखण्यावर इलाज करणारे (पेन स्पेशालिस्ट) डॉक्टर सोनोग्राफीत बघून सुई तिच्याजवळ नेतात, एकतर बधिर करायचं औषध सोडतात किंवा पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणजे तुकड्या तुकड्यात करंट देतात, तापमान ४२ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत त्यामुळे नस जळत नाही, फक्त काही आठवडे ते महिने शांत होते. यावरचे अभ्यास छोटे आहेत, पण व्यायामासोबत केल्यावर दुखणं लवकर कमी झाल्याचं त्यात दिसलंय. इथेही गोष्ट तीच, नस शांत झाली तर त्या काळात हात हलवून घ्यायचा, नुसतं करून घरी येऊन पडलात तर पैसे गेले. आणि खर्च चांगलाच असतो. माझ्या मते तुम्ही आत्ता त्या पायरीवर नाही आहात, दोन तीन महिने नीट व्यायाम करूनही रात्र रात्र झोप नसेल तेव्हा विचार करा.

ऑपरेशनचं तुम्ही विचारलं नाहीये पण कोणीतरी सुचवणारच. ब्रिटनमध्ये ५०३ पेशंटवर मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, भूल देऊन हाताळणी, दुर्बिणीतून आवरण कापणं, आणि इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी, असे तीन गट. वर्षभरानंतर तिघांत असा फरक नव्हता की एकाला सरस म्हणावं. त्यामुळे घाई कसलीच नको. हा आजार एक ते तीन वर्षं रेंगाळतो, शुगर असेल तर जरा जास्तच, आणि काहींना पुढे दुसऱ्या खांद्यालाही होतो, म्हणून डाव्या हाताचाही झोका घेत जा. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची चाचणी) तीन महिन्यांत केली नसेल तर करा, सोबत थायरॉइडची टीएसएच, कारण थायरॉइडवाल्यांनाही हे जास्त होतं. झोपताना पाठीवर आणि उजव्या कोपराखाली उशी, किंवा डाव्या कुशीवर आणि पोटाशी उशी धरून त्यावर उजवा हात, याने कित्येकांची रात्र सुधारते.

मात्र हाताला बोटांपर्यंत मुंग्या बधिरपणा असेल, पडल्यानंतर एकदम हात उचलेनासा झाला असेल, ताप आणि खांदा लाल गरम झाला असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टर. आणि चालताना जिना चढताना खांदा दुखतो, घाम येतो, दम लागतो, असं झालं तर त्याच क्षणी हॉस्पिटल. शुगरवाल्यांचं हार्टचं दुखणं असं खांद्यात लपून येऊ शकतं.

राहिलं इंजेक्शन. तुमच्या टप्प्यावर, रात्रीच्या कळेसाठी, सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन हा चांगला पर्याय आहे, पहिल्या काही आठवड्यांत तर नुसत्या व्यायामापेक्षा त्याने जास्त आराम पडतो, आणि लोक त्याला उगाच घाबरतात. शुगर वाढते हे खरं, काही दिवस ते आठवडाभर, मग खाली येते. म्हणून आधी शुगरच्या डॉक्टरांना फोन करून विचारा की गोळ्यांमध्ये काही बदल करायचा का, शुगर आधीच फार चढलेली असेल तर ती खाली आणून मग घ्या, आणि घेतल्यावर आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर सकाळ संध्याकाळ बघून लिहून ठेवा. इंजेक्शनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खांद्याला विश्रांती, फक्त हलका झोका, तिसऱ्या दिवसापासून दांड्याचा व्यायाम परत सुरू. तोवर दुखणं कमी झालेलं असेल, मशीनची गरज वाटली तर लावा, नाही वाटली तर भाच्याला परत देऊन टाका.